यातलं तुमचं काय?

पदवी संशोधन आणि सर्जनशील कार्य सन्मानाच्या निवड समितीला खुलं पत्र

समितीच्या सर्व सदस्यांना सप्रेम नमस्कार.

अर्जांची मुदत संपायला अजून तीन आठवडे आहेत, म्हणजे तुमच्या टेबलावर अजून काहीच नाही. येतील ते शेवटच्या दोन दिवसांत, आणि त्यातले निम्मे शेवटच्या रात्री बाराला पाच कमी असताना. तेव्हा आत्ता तुम्हाला हे वाचायला सवड असेल असं धरून चालते.

पत्र खुलं का, तर यातलं काही अर्ज करणाऱ्यांनी वाचावं आणि शिफारसपत्रं लिहिणाऱ्यांनी तर जरूर वाचावं म्हणून. शिवाय बंद पाकिटातून पाठवलं असतं तर इतिवृत्तात ‘पत्राची नोंद घेण्यात आली’ एवढ्या एका ओळीत ते संपलं असतं. ही ओळ लिहायचं काम तीन वर्षं माझ्याकडेच होतं, त्यामुळे तिची ताकद मला माहीत आहे.

सहा वर्षं मी या समितीवर होते. त्याआधी, त्या काळात आणि नंतरही पदवीच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प बघितले, त्यांची शिफारसपत्रं लिहिली. आपल्या विद्यार्थ्याचा अर्ज चर्चेला आला की त्या सदस्यानं बाहेर जाऊन उभं राहायचं असा नियम आहे, तो मी पाळला. दाराबाहेर आतलं सगळं ऐकू येतं, हेही या निमित्तानं सांगून ठेवते.

माझी तक्रार एकच आहे. आपला अर्ज विद्यार्थ्याला नको नको ते विचारतो, पण त्यानं स्वतःच्या हातानं काय केलं ते विचारायचं राहून गेलंय.

तो नमुना एकदा उघडून बघा. पहिल्या पानावर नाव, शाखा, वर्ष, सरासरी गुण. दुसऱ्यावर प्रकल्पाचं शीर्षक, मार्गदर्शकाचं नाव, प्रयोगशाळेला मिळालेलं अनुदान (हे विद्यार्थ्याला का विचारायचं, ते मला सहा वर्षांत कळलं नाही), प्रकाशनं, परिषदा. तिसऱ्यावर तीनशे शब्दांचा गोषवारा आणि त्याखाली ‘उपलब्धी’ नावाचा रकाना. मग शिफारसपत्र, गुणपत्रिका, सह्या, शिक्के. गोषवाऱ्यात सगळीकडे ‘आम्ही’: आम्ही तपासलं, आम्हाला आढळलं, आम्ही सुचवतो. हे ‘आम्ही’ म्हणजे नेमके कोण आणि त्यात अर्जदार कुठे उभा होता, हे शोधायला आपण प्रत्येक अर्जाला किती वेळ देतो? मी एका वर्षी घड्याळ लावून बघितलं होतं. त्यातला एक अर्ज अजून डोक्यातून जात नाही.

एका मुलीनं आठ स्वस्तातले तापमान-सेन्सर एका पेटीत शेजारी शेजारी बसवून चार महिने दर दहा मिनिटांनी त्यांची नोंद घेतली होती. तिच्या प्रयोगशाळेत आधीपासून असा समज होता की हे सेन्सर जसजसे जुने होतात तसतसे जास्त तापमान दाखवायला लागतात. तिनं ते मोजायला घेतलं, आणि निष्कर्ष लिहिला: लक्षणीय फरक आढळला नाही. ‘उपलब्धी’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं, ‘काही नाही.’ शिफारसपत्र चार ओळींचं, कोरडं. प्रकाशन नाही. तीन मिनिटांत अर्ज बाजूच्या गठ्ठ्यात गेला. कुणी वाईट वागलं नाही, कुणी घाईही केली नाही. आमच्या निकषांच्या कोष्टकात तिला गुण द्यायला जागाच नव्हती.

बैठक संपल्यावर गठ्ठे आवरताना तिच्या अर्जाची परिशिष्टं खाली पडली. तिनं नोंदवहीच्या झेरॉक्स जोडल्या होत्या, साठएक पानं, आणि आमच्यापैकी कुणीही ती उलटली नव्हती. प्रत्येक पानावर तारीख, वेळ, आठ आकडे. समासात बारीक अक्षरात: ‘खिडकी उघडी होती.’ ‘दुसऱ्या गटानं पेटी हलवली. परत ठेवली, पण त्याच जागी नाही.’ मग एका पानावर: ‘तीन नंबर नेहमीच जास्त दाखवतो. जुना आहे म्हणून? पण सात नंबर त्याहून जुना आहे.’ चार दिवसांनी वेगळ्या शाईत: ‘तीन नंबर वीजपुरवठ्याच्या डबीला लागून आहे. डबी हाताला गरम लागते.’ आणि त्याखाली एकच शब्द, अधोरेखित: ‘हलवला.’ पुढच्या पानापासून तीन नंबर बाकीच्या सातांसारखा वागायला लागतो.

म्हणजे सेन्सर जुने होऊन बिघडत नव्हते. त्या प्रयोगशाळेत ते चुकीच्या जागी बसवले जात होते, आणि आधीच्या नोंदीही त्यामुळे संशयास्पद ठरत होत्या. शिफारसपत्र कोरडं का होतं, ते मला तेव्हा उमगलं. मार्गदर्शकाला ही बातमी आवडण्यासारखी नव्हती. पण एका पदवीच्या विद्यार्थिनीनं हाताला डबी गरम लागते हे लक्षात घेऊन, सेन्सर हलवून, पुन्हा मोजून आपल्याच गटाची समजूत खोडली होती. संशोधन याला नाही म्हणायचं तर मग कशाला? तोपर्यंत निकालावर सह्या झाल्या होत्या. मी अध्यक्षांकडे गेले, त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी बघू म्हणाले. ती तेव्हा शेवटच्या वर्षाला होती.

‘फरक आढळला नाही’ या निष्कर्षाला आपल्याकडेच काय, कुठेच किंमत नसते. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट रोझेन्थाल यांनी १९७९ साली याला नावच दिलं: ‘फाइल ड्रॉवर प्रॉब्लेम’. फरक सापडला तर निबंध छापून येतो, नाही सापडला तर तो टेबलाच्या खणात जातो, आणि मग छापलेलं तेवढंच खरं वाटू लागतं. आणि ज्या प्रयोगानं ‘ईथर’च्या, म्हणजे प्रकाश ज्यातून पसरतो असं मानलं जाई त्या अदृश्य माध्यमाच्या, कल्पनेला सुरुंग लावला, तो मायकेलसन आणि मोर्ली यांचा १८८७ सालचा प्रयोगही अपेक्षित फरक न सापडल्याचाच आहे. आपल्या ‘उपलब्धी’च्या रकान्यात त्या दोघांनी काय लिहिलं असतं, याचा विचार मी कधी कधी करते.

आता त्या ‘आम्ही’कडे येते. पदवीच्या विद्यार्थ्यांनी प्राध्यापकांच्या चालू संशोधनात हात घालावा, ही कल्पना तशी अलीकडची. एमआयटीमध्ये मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली त्यासाठी एक कार्यक्रम सुरू केला, आणि पुढे तसे कार्यक्रम ठिकठिकाणी उभे राहिले. फार चांगलं झालं. पण त्याबरोबर एक गुंताही आला. पूर्वी विद्यार्थ्याचा प्रबंध बरा असो वाईट असो, त्याचा स्वतःचा असायचा. आता तो आठ जणांच्या कामातला एक तुकडा असतो. उपकरण कुणी उभं केलं, प्रश्न कुणाला सुचला, रात्रभर नमुने कुणी मोजले आणि आलेख कुणी काढला, हे सगळं त्या ‘आम्ही’त विरघळून जातं.

लेखकांच्या नावांच्या क्रमावरून अंदाज बांधावा म्हटलं तर तेही फसवं. प्रयोगशाळेतल्या विज्ञानांत बहुधा पहिलं नाव मुख्य काम करणाऱ्याचं आणि शेवटचं गटप्रमुखाचं. गणितात मात्र नावं सरळ वर्णानुक्रमानं येतात. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या तिघांनी एक निबंध जाहीर केला: एखादी संख्या मूळ संख्या आहे की नाही हे बहुपदी वेळेत (म्हणजे संख्या लांबत गेली तरी वेळ आवाक्याबाहेर जात नाही) आणि खात्रीनं ठरवता येतं. मनींद्र अग्रवाल, नीरज कयाल, नितीन सक्सेना. यातले शेवटचे दोघे नुकतेच बी.टेक. झालेले, आणि या कामाची पायाभरणी त्यांच्या पदवीच्या प्रकल्पातली. २००४ साली निबंध ‘ॲनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स’मध्ये छापून आला, २००६ साली त्याला सैद्धांतिक संगणकशास्त्रातला गोडेल पुरस्कार मिळाला. आता कल्पना करा, नितीन सक्सेना आपल्याकडे अर्ज करताहेत. आपल्या कोष्टकात ‘प्रथम लेखक: १० गुण’ असं आहे. त्यांचं आडनाव ‘एस’वरून सुरू होतं, म्हणून शून्य. मी हे गमतीनं लिहीत नाहीये. गणित विभागाच्या एका अर्जाचं आमच्या समितीत अगदी हेच झालं, आणि कोष्टक पुढच्या वर्षीही तसंच राहिलं.

नियतकालिकांना ही अडचण फार आधी कळली. कुणी काय केलं हे सांगायला त्यांनी ‘क्रेडिट’ नावाची एक पद्धत स्वीकारली आहे. तिच्यात चौदा भूमिका आहेत: कल्पना मांडणं, पद्धत ठरवणं, प्रत्यक्ष प्रयोग करणं, संगणकप्रणाली लिहिणं, विदा नीट ठेवणं, पडताळणी, पहिला मसुदा, मसुद्यावर हात फिरवणं, पैसा आणणं वगैरे. लेखकांनी आपापल्या नावापुढे आपापली भूमिका लिहायची. पदवीच्या अर्जाला चौदा रकाने नकोत, पुन्हा खुणा करण्याचा कारखाना सुरू होईल. पण त्यामागचा प्रश्न आपण उचलावा. तिसऱ्या पानावरचं ‘उपलब्धी’ काढून टाका आणि तिथे लिहा: ‘यातलं तुम्ही स्वतः काय केलं? कुठे अडलात, आणि तेव्हा काय केलंत?’ अर्धं पान मोकळं सोडा. आणि ते अर्धं पान गोषवाऱ्याच्या आधी वाचा, शिफारसपत्राच्या आधी वाचा, गुणपत्रिकेच्या तर फारच आधी.

यावर एक आक्षेप येणार, आणि तो रास्त आहे: मुलं स्वतःबद्दल काहीही लिहितील. लिहोत की. खरं काम केलेला माणूस तपशिलात लिहितो. ज्यानं नुसतं गटाबरोबर नाव लावलं त्याला ‘कुठे अडलात’ याचं उत्तर देता येत नाही, फार तर ‘वेळेचं व्यवस्थापन’ असं तो लिहितो. सहा वर्षांत ‘वेळेचं व्यवस्थापन’ मी इतक्यांदा वाचलंय की आता तो शब्द दिसला की माझा हात आपोआप पान उलटतो. आणि हल्ली तर गुळगुळीत गोषवारा मशीनकडून दोन मिनिटांत लिहून मिळतो. त्यात ‘महत्त्वपूर्ण’, ‘सर्वंकष’, ‘नावीन्यपूर्ण’ सगळं जागच्या जागी असतं. गोषवाऱ्याच्या भाषेवरून कुणाला जोखायचे दिवस संपले, आणि मला त्याचं फार दुःखही नाही. वीजपुरवठ्याची डबी हाताला गरम लागते, हे मात्र डबीला हात लावल्याशिवाय लिहिता येत नाही.

‘पूर्वसंशोधनाचा आढावा: १५ गुण’ याबद्दलही थोडं. आढावा हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण अँड्र्यू क्रापिव्हिन या विद्यार्थ्याची गोष्ट बघा. रटगर्स विद्यापीठात पदवीला असताना २०२१ मध्ये संगणकशास्त्रातला एक निबंध त्याच्या समोर आला. पुढे सवडीनं त्यानं तो वाचला, त्यावर खेळत बसला, आणि हॅश टेबलची (संगणकात माहिती ठेवून ती चटकन शोधायच्या तक्त्याची) एक नवी रचना त्याच्या हाती लागली. ती अँड्र्यू याओ यांनी १९८५ साली मांडलेल्या एका अटकळीला खोटं पाडते. ही अटकळ अस्तित्वात आहे हेच त्याला माहीत नव्हतं. त्याच्या प्राध्यापकांना आधी खरं वाटेना, मग आणखी एका सहकाऱ्यानं तपासलं, आणि २०२५ च्या सुरुवातीला तिघांचा निबंध बाहेर आला. अज्ञान हा गुण आहे असं मी म्हणत नाही, बहुतेकांच्या बाबतीत ते नुसतंच अज्ञान असतं. पण पंधरा गुण आढाव्याला आणि स्वतःच्या विचाराला पाच, हे प्रमाण कुणी, कधी ठरवलं? जुनी इतिवृत्तं मी चाळली. कुणीच ठरवलेलं नाही. ते आधीच्या नमुन्यातून आलं, आणि आधीच्या नमुन्यात त्याच्या आधीच्या नमुन्यातून.

सन्मानाच्या नावात ‘सर्जनशील कार्य’ आहे. अर्जात मात्र ते कुठेही नाही. एका मुलानं आपल्या इमारतीच्या जिन्यातल्या पावलांचे आवाज एक अख्खं सत्र ध्वनिमुद्रित करून त्यांतून अठरा मिनिटांची एक रचना केली होती. त्याचा अर्ज मी जपून ठेवायला हवा होता. गृहीतक: लागू नाही. नमुना आकार: लागू नाही. सांख्यिकी चाचणी: लागू नाही. असं अकरा ठिकाणी. बाराव्या ठिकाणी, संदर्भसूचीत, त्यानं लिहिलं होतं: ‘जिना.’

आम्ही हसलो. मीही हसले. मग ‘अर्ज अपूर्ण’ या सदरात त्याचे गुण कापले गेले आणि आम्ही पुढच्या अर्जाकडे वळलो. रचना सगळ्यांनी मिळून दीड मिनिट ऐकली, तीही लॅपटॉपच्या स्पीकरवर. घरी जाऊन मी ती हेडफोन लावून पूर्ण ऐकली. सातव्या मिनिटाला कुणीतरी दोन दोन पायऱ्या सोडत खाली उतरतं, मध्येच थांबतं, आणि पुन्हा वर जातं, या वेळी एकेक पायरी. बाकी काही नाही. पण तो आवाज कानाला ऐकू येतो तसा नव्हता. तो कठड्याच्या लोखंडातून आलेला होता. नंतर एकदा भेटला तेव्हा त्यानं सांगितलं की आधी त्यानं साधा मायक्रोफोन लावून बघितला. बोलणं, दारं, पंखे, सगळं त्यात यायचं आणि पाऊल हरवायचं. मग त्यानं कठड्याला चिकटवायचा काँटॅक्ट माइक बनवला, तिसऱ्या प्रयत्नात तो नीट बसला, आणि हवेतला आवाज गळून लोखंडातला तेवढा उरला. याला पद्धत म्हणतात. गृहीतकही होतं, चाचणीही होती. फक्त आम्ही विचारलेल्या शब्दांत नव्हती, आणि आमचे शब्द वापरून सांगायचं त्याला सुचलं नाही. सुचायला हवं होतं, असं आमच्यातले एक सदस्य म्हणाले. एकवीस वर्षांच्या मुलानं आमची भाषा शिकून यावं, पण सरासरी पन्नाशीच्या समितीनं हेडफोन लावू नयेत, असा त्याचा अर्थ होतो.

कलेच्या अर्जांसाठी वेगळा नमुना हवा. त्यात कलाकृती आणि सोबत एक-दोन पानांचं निवेदन, एवढंच पुरे. निवेदनाला कमी लेखू नका. १९८१ साली व्हिएतनाम युद्धात मरण पावलेल्या अमेरिकी सैनिकांच्या स्मारकासाठी खुली स्पर्धा झाली. १,४२१ आराखडे आले, ते मांडायला विमानांचा हँगर लागला. एकाही आराखड्यावर नाव नव्हतं, फक्त क्रमांक. आठ परीक्षकांनी निवडला तो १०२६ क्रमांकाचा, आणि तो निघाला येल विद्यापीठात पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माया लिन या मुलीचा. वर्गात याच आराखड्याला तिला ‘बी’ श्रेणी मिळाली होती. पेस्टल रंगांतली तिची चित्रं अगदी साधी, जमिनीत शिरलेली काळी भिंत एवढंच त्यांत दिसतं. त्या भिंतीजवळून चालत जाणाऱ्या माणसाला काय जाणवेल ते तिनं शब्दांत लिहिलं होतं, आणि हे निवेदन लिहायला आपल्याला आराखड्यापेक्षा जास्त वेळ लागला, असं तिनं पुढे स्वतः नोंदवलं आहे. आज त्या भिंतीवर ५८,००० हून अधिक नावं आहेत.

परीक्षकांपुढे तिचं वय, तिचं महाविद्यालय, तिची ती ‘बी’ असती तर? सांगता येत नाही. एवढं मात्र दिसतं की यातलं काहीच माहीत नसताना त्यांनी निवड बरोबर केली. आपल्याकडे नाव झाकणं पूर्णपणे जमणार नाही, मला कल्पना आहे. विभाग लहान असतात, कोण कशावर काम करतंय हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण सरासरी गुणांचा रकाना पहिल्या पानावर, नावाच्या लगेच खाली कशाला? तो आकडा एकदा डोळ्यांत गेला की पुढची सगळी पानं त्याच्या उजेडात वाचली जातात. माझ्या बाबतीत असं होत होतं, तुमच्या बाबतीत होत नसेल तर मला आनंदच आहे.

गुणांचं म्हणाल तर टेक्सास विद्यापीठाच्या ग्रेगरी वॉटसनचं उदाहरण बघा. १९८२ साली, पदवीच्या दुसऱ्या वर्षाला असताना, त्यानं वर्गासाठी एक निबंध लिहिला. अमेरिकेच्या राज्यघटनेत १७८९ साली सुचवलेली एक दुरुस्ती होती: काँग्रेसच्या सदस्यांनी आपल्या वेतनात केलेला बदल मधे निवडणूक झाल्याशिवाय लागू होऊ नये. ती तेव्हा पुरेशा राज्यांनी मंजूर केली नाही, पण तिला मुदतही घातलेली नव्हती, म्हणजे ती अजून जिवंत आहे, असा त्याचा मुद्दा. निबंधाला ‘सी’ मिळाली. त्यानं दाद मागितली, ती फेटाळली गेली. मग गडी हट्टाला पेटला आणि एकेका राज्याच्या विधिमंडळाला पत्रं लिहीत सुटला. १९९२ साली ती सत्ताविसावी घटनादुरुस्ती झाली. २०१७ साली विद्यापीठानं त्याची श्रेणी बदलून ‘ए’ केली. तोवर पस्तीस वर्षं गेली होती.

प्रत्येक ‘सी’मागे वॉटसन दडलेला नसतो, हे मलाही कळतं. बहुतेक ‘सी’ या ‘सी’च असतात. पण ज्या सन्मानाचं कामच गुणपत्रिकेत न मावणारं काही शोधणं आहे, तो सन्मान गुणपत्रिका बघून द्यायचा, यात गंमत आहे की नाही? किमान पात्रतेची अट म्हणून सरासरी गुण ठेवायचेच असतील तर कार्यालयाला तपासू द्या. ‘पात्र’ किंवा ‘अपात्र’ एवढा शिक्का तुमच्यापर्यंत आला की पुरे.

नकाराच्या पत्राबद्दल फार लिहीत नाही. ‘आपल्या अर्जाचा विचार होऊ शकला नाही’ हे वाक्य खोटं असतं, कारण विचार झालेला असतो. दोन ओळींत कारण लिहा. चाळीस अर्जांना दोन दोन ओळी म्हणजे ऐंशी ओळी, आणि आपण सहा जण. सेन्सरवाल्या मुलीला कुणी एवढंच लिहिलं असतं की ‘परिशिष्ट आम्ही वाचलं नाही, तेच पहिल्या पानावर आणा’, तर तिचं नाही तरी तिच्या पाठच्या मुलांचं भलं झालं असतं.

हे वाचणाऱ्या अर्जदारांनो, मध्येच तुमच्याशी बोलते. नमुना यंदा बदलेल असं मी धरून चालत नाही. आहे त्याच अर्जात ‘उपलब्धी’च्या रकान्यात तुम्ही काय केलं ते लिहा. ‘आम्ही’ खोडून जिथे जिथे खरंच ‘मी’ आहे तिथे ‘मी’ लिहा, उद्धट दिसणार नाही. सोबत्यानं केलेलं त्याच्या नावानं लिहा. फसलेला प्रयोग लपवू नका. गोषवारा दुसऱ्या शाखेच्या मित्राला वाचायला द्या, तो जिथे अडेल तिथे समितीही अडणार आहे, फक्त ती तसं सांगणार नाही. आणि शिफारसपत्र मागायला शेवटच्या आठवड्यात जाऊ नका. जाताना आपण काय केलं त्याची अर्ध्या पानाची टिपणं घेऊन जा. तुमच्या मार्गदर्शकाला सगळं आठवत असेल असं तुम्हाला वाटतं. नसतं आठवत.

हे मी अंदाजानं म्हणत नाही. समितीवरच्या माझ्या तिसऱ्या वर्षी माझ्याच दोन विद्यार्थ्यांनी अर्ज केला होता. दोघेही शेवटच्या आठवड्यात पत्रं मागायला आले, मी एका संध्याकाळी बसून दोन्ही लिहिली आणि नियमाप्रमाणे दाराबाहेर जाऊन उभी राहिले. आतून कुणीतरी पहिलं पत्र मोठ्यानं वाचलं. ‘अत्यंत कष्टाळू, जिज्ञासू आणि स्वतंत्र विचारांची विद्यार्थिनी.’ मग दुसरं. ‘अत्यंत कष्टाळू, जिज्ञासू आणि स्वतंत्र विचारांचा विद्यार्थी.’ पुढचा परिच्छेदही तोच, लिंग तेवढं बदललेलं, आणि एका ठिकाणी तेही बदलायचं राहिलेलं. आत हशा पिकला. त्या दोघांपैकी कुणालाही सन्मान मिळाला नाही, आणि त्यात त्यांच्या कामाचा काही दोष नव्हता. एकीनं सहा महिने सूक्ष्मदर्शकाखाली परागकण मोजले होते, दुसऱ्यानं ते मोजायची संगणकप्रणाली लिहिली होती. दोन अगदी वेगळी कामं. माझ्या पत्रांत परागकण हा शब्दसुद्धा नव्हता.

ती दोन्ही पत्रं या पत्रासोबत जोडली आहेत. नावं आणि लिंग सांगणारे शब्द काळ्या शाईनं खोडले आहेत. पुढच्या बैठकीत नवा नमुना चर्चेला घ्याल तेव्हा ती एकदा सगळ्यांपुढे ठेवा आणि कुठलं कुणाचं ते ओळखून बघा. मी काल रात्री प्रयत्न केला. मला ओळखता आलं नाही.

आपली,
समितीची एक माजी सदस्य